१७ हंगाम, १,३२५ झेल आणि बाद फेरीत एकच विजय : टाइट एंडची कारकीर्द मोजायची कशी?

रात्रपाळीकर (खराडी)

नमस्कार. खराडीतील एका कंपनीत मी गेली सहा वर्षे अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो. तिकडच्या रविवार दुपारचे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला किंवा हिवाळ्यात साडेअकराला सुरू होणारे अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहण्याची सवय मला या रात्रपाळीनेच लावली. गेल्या महिन्यात एका रविवारी झोप येत नाही म्हणून माझे वडील बाहेर येऊन बसले. ते निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. शाळेच्या कबड्डी संघाला त्यांनी तीस वर्षे शिकवले असल्यामुळे कोणताही खेळ पाहताना त्यांचे लक्ष खेळाडूंच्या पायांकडे असते. अर्ध्या तासाने त्यांनी विचारले, “तो ८७ क्रमांकाचा गडी एकदा भिंतीत उभा राहून धक्के देतो आणि पुढच्याच वेळी चेंडू झेलायला पळतो. त्याला पैसे नेमके कशाचे मिळतात?”

तो कॅन्सस सिटी चीफ्सचा ट्रॅव्हिस केल्सी होता. त्या जागेला टाइट एंड म्हणतात, एवढे मी सांगितले आणि उत्साहाच्या भरात, या जागेवरचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून टोनी गोन्झालेझचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले : १९९७ ते २०१३ असे १७ हंगाम, १,३२५ झेल, झेलांतून पुढे नेलेले १५,१२७ यार्ड, १११ टचडाऊन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवणे) आणि प्रो बोल या तारांकित सामन्यासाठी १४ वेळा झालेली निवड. वडिलांनी शांतपणे विचारले, “संघाने काय जिंकले?” बाद फेरीतील सात सामन्यांपैकी एक, असे मी सांगितले. त्यावर, “मग त्याचे झेल मला कशाला मोजून दाखवतोस?” असे म्हणून ते झोपायला गेले.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकासाठी मी गोन्झालेझवर लेख लिहायला घेतला होता, तो त्या रात्रीपासून पहिल्या परिच्छेदापुढे सरकलेला नाही. हा खेळ कधीही न पाहिलेल्या मराठी वाचकाला ही जागा कशी समजावून द्यावी, आणि एकही विजेतेपद नसलेल्या खेळाडूला त्या जागेवरचा सर्वश्रेष्ठ म्हणायचे असेल तर ते कोणत्या मापाने म्हणावे, याविषयी जाणकारांनी लिहावे. कृपया आकड्यांचे तक्ते चिकटवू नयेत. ते माझ्याकडे आहेत आणि ही अडचण त्यांनीच निर्माण केली आहे.

मिसूरीचा पाहुणा

मी साडेतीन वर्षे कॅन्सस सिटीजवळ राहिलो आहे. गोन्झालेझला तो संघ सोडून तेव्हा बराच काळ लोटला होता, तरीही किराणा दुकानाच्या रांगेत त्याचा ८८ क्रमांकाचा सदरा घातलेली माणसे भेटत. त्यामुळे माझे मत निःपक्षपाती आहे, असा दावा मी करणार नाही.

जागा समजावून द्यायची असेल तर खेळाडूपासून सुरुवात न करता नियमापासून करावी. चेंडू हलण्यापूर्वी आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी किमान सात जणांनी एका रेषेवर उभे राहावे लागते, आणि या रेषेवरच्यांपैकी फक्त दोन टोकांच्या खेळाडूंनाच पुढे पळून पास झेलण्याचा अधिकार असतो. मधले पाच, म्हणजे सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल, हे भिंतीचे दगड आहेत. त्यांनी अडवायचे, झेलायचे नाही. जो टोकाला आहे तो ‘एंड’, आणि जो लांब न जाता टॅकलला अगदी खेटून उभा राहतो तो ‘टाइट’ एंड. म्हणजे भिंतीतच उभा राहूनही ज्याला भिंत सोडून पळता येते असा हा एकमेव गडी असतो. वडिलांनी अर्ध्या तासात पाहिले ते अचूक पाहिले, त्यांना फक्त नियम ठाऊक नव्हता.

या दुहेरीपणातच त्याची किंमत आहे. समोरच्या संघाने त्याच्यावर लाइनबॅकर, म्हणजे भिंतीच्या लगेच मागे उभा राहणारा बचावपटू, ठेवला तर तो दांडगा असला तरी धावण्यात मागे पडतो, आणि चपळ सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राहणारा बचावपटू, ठेवला तर तो उंचीत आणि वजनात कमी पडतो. गोन्झालेझची उंची ६ फूट ५ इंच होती आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तो फुटबॉलबरोबरच बास्केटबॉलही खेळत असे. १९९७ च्या मार्चमध्ये त्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत पोहोचला आणि पुढच्याच महिन्यात चीफ्सने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत १३ व्या क्रमांकावर घेतले. बास्केटबॉलमध्ये रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीने मागे रोखून धरायचे असते. तेच त्याने फुटबॉलच्या मैदानावर आणले. चेंडू हवेत असताना तो बचावपटू आणि चेंडू यांच्यामध्ये स्वतःचे शरीर घालून उभा राही, त्यामुळे बचावपटू अगदी चिकटलेला असतानाही पास त्याच्याच हातात येई.

तुमच्या लेखात पहिली दोन वर्षे अवश्य यावीत. आज सगळे ती विसरतात. पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याचे फक्त ४ टचडाऊन झाले, आणि १९९८ मध्ये त्याच्या हातातून इतके पास सुटले की पहिल्या फेरीत निवडलेला हा खेळाडू वाया जाणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. सरावाच्या आधी आणि नंतर जादा पास झेलत राहण्याचा त्याचा शिरस्ता पुढे सर्वांना माहीत झाला. तिसऱ्या हंगामात त्याने ७६ झेल आणि ११ टचडाऊन केले, आणि तिथून त्याने मागे पाहिले नाही.

आता विजयांचा मुद्दा. २००३ च्या हंगामात चीफ्सने नियमित सामन्यांपैकी १३ जिंकले होते. बाद फेरीत इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध त्यांनी स्वतःच्या मैदानावर ३१ गुण केले आणि तरीही सामना ३८–३१ असा गमावला. दोन्ही संघांपैकी एकालाही संपूर्ण सामन्यात पंट करण्याची, म्हणजे आक्रमण अडल्यामुळे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्या संघाला देण्याची वेळ आली नाही, म्हणजे बचाव असा कोणाकडेच नव्हता. चेंडू कोल्ट्सकडे असताना गोन्झालेझ बाकावर बसलेला असे, कारण या खेळात आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. पुढच्या वर्षी त्याने १०२ झेल केले. त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये कोणाचेही झेल त्याहून अधिक नव्हते. संघाने मात्र १६ पैकी ७ सामने जिंकले. कबड्डीच्या जाणकाराला एवढे पुरे व्हावे : जो गडी फक्त चढाईला जातो आणि पकडीच्या वेळी ज्याला मैदानाबाहेर बसवतात, त्याच्या नावावर पराभव कसा लिहायचा?

पेठेतला

वरील उत्तर वाचनीय आहे, परंतु ते वकिलाचे आहे, पंचाचे नाही.

केल्सीने २०१६ ते २०२२ असे सलग सात हंगाम प्रत्येकी १,००० यार्डांच्या वर मजल मारली. गोन्झालेझला १७ वर्षांत असे हंगाम चार साधले. २०२० मध्ये केल्सीने एकाच हंगामात १,४१६ यार्ड मिळवले, बाद फेरीतील झेलांचा जेरी राइसचा १५१ चा विक्रम त्याने २०२४ च्या जानेवारीत मागे टाकला, आणि तीन विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. मोठ्या सामन्यात ज्याच्याकडे चेंडू जातो आणि जो तो सोडत नाही, तो मोठा. याउपर दीर्घ सेवेचा गौरव करायचा असेल तर तो आपण निरोप समारंभात शाल-श्रीफळ देऊन करतोच. त्याला सर्वश्रेष्ठ म्हणण्याची गरज नाही.

सांधेवाली (कर्वेनगर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या चर्चेत शरीराचा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे मला नवल वाटते. टाइट एंड दोन प्रकारचा मार खातो. भिंतीत उभा असताना त्याच्याहून वीस-पंचवीस किलोंनी जड माणूस अर्ध्या पावलाच्या अंतरावरून त्याच्या छातीवर येतो. ती टक्कर लहान असते, पण एका सामन्यात ती कितीतरी वेळा होते. पास झेलायला तो मैदानाच्या मध्यभागी जातो तेव्हा दोन्ही हात वर असतात, नजर चेंडूवर असते, बरगड्या उघड्या असतात, आणि त्या क्षणी बाजूने पूर्ण वेगात येणारा सेफ्टी त्याला दिसतही नाही. भिंतीपासून दूर उभा राहून पास झेलणाऱ्या रिसीव्हरला मुख्यतः दुसरा मार बसतो आणि भिंतीतल्या लाइनमनला पहिला. दोन्ही एकाच शरीराने सोसायचे असतात ते या जागेवर. म्हणून गोन्झालेझच्या बाबतीत मला झेलांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दुसराच आकडा. १७ हंगामांचे नियमित सामने २७२ होतात, त्यांतील २७० तो खेळला.

याच्या शेजारी रॉब ग्रोंकॉवस्कीला ठेवून पाहा. निव्वळ गुणवत्तेत तो कोणाहून कमी होता असे म्हणणे कठीण आहे. २०११ मध्ये त्याने झेलांवर १७ टचडाऊन केले, आणि भिंतीत तर तो जवळजवळ सहावा लाइनमन होता. पण विद्यापीठातील शेवटचे वर्ष पाठीच्या शस्त्रक्रियेत गेले, पुढे हाताचे हाड मोडले, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, पुन्हा पाठीची शस्त्रक्रिया झाली. अकरा हंगामांत तो १४३ नियमित सामने खेळू शकला. मधे एकदा निवृत्त झाला, वर्षभराने परतला. पेठेतले गृहस्थ विजेतेपदे मोजत आहेत म्हणून सांगते : ग्रोंकॉवस्कीच्या नावावर चार विजेतेपदे आहेत, त्यांपैकी २०१७ च्या फेब्रुवारीतील अंतिम सामन्यात तो पाठीच्या दुखण्यामुळे खेळलाच नव्हता. त्याच्याशिवाय संघाने २८–३ अशी पिछाडी भरून काढली. ती विजेतेपदाची अंगठी त्याच्या कारकिर्दीच्या हिशेबात धरायची की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे. गमतीची गोष्ट अशी की त्या दिवशी हरलेला संघ अटलांटा फाल्कन्स होता, म्हणजे गोन्झालेझचा दुसरा आणि शेवटचा संघ, आणि तो निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

आणखी एक नाव घ्यायलाच हवे. गोन्झालेझप्रमाणेच ८८ क्रमांक घालणारा जॉन मॅकी १९६३ पासून बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळला. दांडग्या शरीराने झेल घेऊन पुन्हा तोफेसारखे पळत सुटायचे, ही टाइट एंडची ओळख प्रामुख्याने त्याच्यामुळे झाली. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि खेळाडूंच्या संघ बदलण्याच्या स्वातंत्र्यासाठी त्याने लीगला न्यायालयात खेचले. पुढे त्याला स्मृतिभ्रंशाने गाठले. निवृत्त खेळाडूंच्या स्मृतिभ्रंशावरील शुश्रूषेसाठी २००७ मध्ये जी मदत योजना सुरू झाली, तिचे नावच त्याच्या क्रमांकावरून ‘८८ योजना’ असे ठेवले गेले, आणि संस्थेत ठेवाव्या लागणाऱ्या रुग्णासाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंतची तरतूद तिच्यात होती. मॅकी २०११ मध्ये ६९ व्या वर्षी वारला. या जागेवरच्या कारकिर्दीचा हिशेब शेवटच्या सामन्यापाशी थांबत नाही, एवढे तुमच्या लेखात आले तर मला बरे वाटेल.

रात्रपाळीकर (खराडी)

सर्वांचे आभार. मिसूरीच्या पाहुण्यांचे रेषेचे स्पष्टीकरण मी सकाळी वडिलांना वाचून दाखवले. ते त्यांना पटले, परंतु चढाईचे उदाहरण त्यांनी तत्काळ फेटाळले. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडीलाही उभे राहावे लागते, त्यामुळे ज्याला बाहेर बसवतात अशा गड्याशी तुलनाच होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या मते टाइट एंड कोणासारखा असेल तर तो यष्टिरक्षक-फलंदाजासारखा. मला ही तुलना बरी वाटते, पण यष्टिरक्षकाने टिपलेले झेल आणि यष्टिचीत निदान धावफलकावर लिहिले जातात. टाइट एंडने भिंतीत केलेले काम कुठे लिहिले जाते?

कोर्टाची पायरी

ते कुठेच लिहिले जात नाही, आणि तो प्रश्न एकदा प्रत्यक्ष लवादापुढे गेला होता. मी व्यवसायाने वकील आहे, तेव्हा विषय माझ्या प्रांतात आल्याचा आनंद लपवत नाही.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा जिमी ग्रॅहम हाही मूळचा बास्केटबॉलपटू. २०१३ च्या हंगामात त्याने ८६ झेल, १,२१५ यार्ड आणि १६ टचडाऊन केले. करार संपलेला खेळाडू हातचा जाऊ नये म्हणून संघाला त्याच्यावर एका वर्षासाठी ‘फ्रँचाइज टॅग’ लावता येतो, आणि त्या वर्षाचा पगार तो खेळाडू कोणत्या जागेवरचा मानला जातो यावरून ठरतो. २०१४ मध्ये टाइट एंडसाठी ही रक्कम सुमारे ७०.५ लाख डॉलर होती आणि वाइड रिसीव्हरसाठी सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर. ग्रॅहमचे म्हणणे असे की आपण बहुतेक वेळा भिंतीपासून दूर उभे राहतो आणि पास झेलतो, तेव्हा नावाने काहीही म्हणा, कामाने आपण रिसीव्हर आहोत. लवाद स्टीफन बरबँक यांनी जुलै २०१४ मध्ये निर्णय दिला तो संघाच्या बाजूने. टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा राहणारा खेळाडू त्या वेळी टाइट एंडच ठरतो, असा त्याचा आशय होता. अवघ्या चार यार्डांच्या मोजमापाने ५० लाख डॉलरहून मोठा फरक पडला. त्यानंतर ग्रॅहमने चार वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार केला हे खरे, पण वर्ष उलटण्याच्या आत सेंट्सने त्याला सिॲटलला देऊन टाकले, आणि बदल्यात पहिल्या फेरीतील एका निवडीबरोबर घेतला तो मॅक्स अंगर नावाचा सेंटर, म्हणजे भिंतीतला दगड.

तुमच्या वडिलांनी विचारले होते की त्याला पैसे कशाचे मिळतात. या निर्णयाच्या आधारे उत्तर द्यायचे तर, करार पदरात पडतो तो झेलांच्या जोरावर, पण दर लागतो तो भिंतीजवळच्या माणसाचा.

थोडे विषयांतर : याच ग्रॅहमने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अटलांटात टचडाऊननंतर चेंडू गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावरून बास्केटबॉलसारखा आपटताना तो दांडाच वाकडा केला आणि तो सरळ करेपर्यंत सामना थांबवावा लागला. पुढच्या वर्षी लीगने ही कृती बंद केली. ती लोकप्रिय केली होती गोन्झालेझने, आणि बंदी आली तोवर तो निवृत्त झाला होता. कायद्याच्या भाषेत याला मुदतीचा फायदा म्हणता येईल.

पेठेतला

लवादाचा किस्सा उत्तम आहे, पण त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. भिंतीतले काम मोजले जात नाही, याचा अर्थ ते मोजण्याइतके निर्णायक नाही.

बालेवाडीचा गडी

पेठेतल्या गृहस्थांचे शेवटचे वाक्य वाचून लिहायला बसलो. दर डिसेंबरला पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव होतो. तिथे हार्मोनियमची साथ करणाऱ्याचे नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत येते, पण साथ सुटली तर गायकाचे काय होते ते मंडपातल्या शेवटच्या रांगेलाही कळते. टाइट एंडचे ब्लॉकिंग, म्हणजे भिंतीत समोरच्याला अडवण्याचे काम, त्या जातीचे आहे. फरक एवढाच की याच साथीदाराला, आधी न सांगता, पुढची बंदिश स्वतः गायची असते. सॅन फ्रान्सिस्कोचा जॉर्ज किटल २०१७ मध्ये पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर निवडला गेला. दुसऱ्याच वर्षी त्याने १,३७७ यार्ड मिळवले, पण प्रशिक्षक त्याचे कौतुक करतात ते तो समोरच्याला जमिनीवर लोळवून हसत उठतो म्हणून. त्याच्या संघाचे धावण्याचे डाव ज्या बाजूने सुटतात त्या बाजूला पाहिले की ते कौतुक समजते.

वडिलांना सामना दाखवताना एक युक्ती करून पाहावी. चेंडू हलल्यावर पहिले दोन सेकंद चेंडूकडे पाहूच नये, फक्त टाइट एंडच्या पहिल्या पावलाकडे पाहावे. ते पाऊल पुढे आणि खाली गेले तर तो अडवणार आहे, उभा राहून बाहेर सरकला तर पळणार आहे. आणि कसलेला खेळाडू पहिल्याचा देखावा करून दुसरे करतो. भिंतीत त्याला खरोखर अडवता येत असेल तरच या देखाव्यावर समोरचा विश्वास ठेवतो. म्हणजे न मोजलेल्या कामाची वसुली मोजलेल्या झेलात होते. पेठेतल्या गृहस्थांचे दुर्लक्ष नेमके इथे झाले आहे. गोन्झालेझ सुरुवातीला भिंतीत कच्चाच मानला जाई आणि किटल किंवा ग्रोंकॉवस्कीच्या तोडीचा तो तिथे कधीच झाला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहावे.

हा भाग आपल्याकडे कळत नाही याला कारण आहे. मी बालेवाडीत मित्रांबरोबर फ्लॅग फुटबॉल खेळतो. हाच पाच-पाच जणांचा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणार आहे. त्यात चेंडू असलेल्याच्या कमरेची पट्टी ओढली की डाव तिथेच थांबतो, आणि ब्लॉकिंगला बंदी. म्हणजे भिंतच नाही, आणि भिंत नाही तिथे टाइट एंडही नाही. पूर्ण पोशाखातला खेळ पुण्याच्या नावाने एकदा झाला होता. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाच्या स्पर्धेत ‘पुणे मराठाज’ हा संघ उतरला होता, आणि ते सामने झाले कोलंबोत. त्या लीगच्या गुंतवणूकदारांत माइक डिटका होता. तो कोण, हे तेव्हा इथे फारसे कोणी विचारले नाही. डिटका १९६१ मध्ये शिकागो बेअर्सकडे आला आणि ज्या काळात टाइट एंडने मान खाली घालून धक्के द्यायचे असा समज होता, त्या काळात पहिल्याच हंगामात त्याने ५६ झेल, १,०७६ यार्ड आणि १२ टचडाऊन केले. १९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मान-दालनात, गेलेला तो पहिला टाइट एंड.

केल्सी आणि गोन्झालेझ यांचे यार्ड शेजारी ठेवण्याआधी कालमानाचाही विचार करावा. १९७८ मध्ये लीगने नियम बदलून रिसीव्हरला पाच यार्डांच्या पुढे धक्के देण्यास मनाई केली आणि तेव्हापासून पासचा खेळ वाढतच गेला. गोन्झालेझने सुरुवात केली तेव्हाही टाइट एंड हा पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचा पहिला पर्याय सहसा नसे. तो तसा असू शकतो हे दाखवणाऱ्यांत गोन्झालेझ होता. विद्यापीठात फुटबॉल अजिबात न खेळलेला अँटोनियो गेट्स २००३ मध्ये थेट बास्केटबॉलमधून आला, निवडीत कोणीही न घेतलेला हा खेळाडू ११६ टचडाऊनपर्यंत पोहोचला आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ती वाट गोन्झालेझने आधी मळून ठेवली होती.

मिसूरीचा पाहुणा

एक भर घालतो, कारण बाद फेरीतील त्या एकमेव विजयाविषयी अजून कोणी लिहिले नाही. २००८ मध्ये चीफ्सने १६ पैकी २ सामने जिंकले आणि पुढच्या वसंतात ३३ वर्षांच्या गोन्झालेझला त्यांनी दुसऱ्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात अटलांटाला दिले. तिथेही २०१० आणि २०११ चे हंगाम बाद फेरीतील पहिल्याच सामन्यात संपले. पाच सामने, पाच पराभव. १३ जानेवारी २०१३ रोजी सिॲटलविरुद्ध अटलांटा २७–७ असे पुढे होते, ती आघाडी गेली आणि ३१ सेकंद उरले असताना सिॲटल २८–२७ असे पुढे गेले. अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायनने दोन पास टाकले. दुसरा, १९ यार्डांचा, गोन्झालेझने झेलला, आणि तिथून मॅट ब्रायंटने ४९ यार्डांवरून चेंडू मारून सामना ३०–२८ असा जिंकून दिला. ३६ वर्षांचा तो माणूस मैदानावर रडला. पुढच्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १७–० ची आघाडी गमावून अटलांटा २८–२४ असे हरले. निवृत्त होणार हे त्याने जवळपास ठरवले होते, तरी तो आणखी एका वर्षासाठी परतला आणि त्या वर्षी संघाने १६ पैकी ४ सामने जिंकले. २०१९ मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. असा मान मिळालेला तो पहिला टाइट एंड होता.

मोठ्या सामन्यात चेंडू कोणाकडे जातो, असे पेठेतल्या गृहस्थांनी विचारले होते. शेवटच्या ३१ सेकंदांत तो गोन्झालेझकडेच गेला होता.

पेठेतला

तो झेल मी मान्य करतो. बाकी मत कायम आहे.

रात्रपाळीकर (खराडी)

काल रात्री वडिलांना सिॲटलच्या सामन्याची शेवटची काही मिनिटे दाखवली आणि नंतर पहिल्या पावलाची युक्ती सांगून २००४ मधले काही डाव दाखवले. १९ यार्डांच्या झेलावर ते काही बोलले नाहीत. पहिल्या पावलाच्या बाबतीत मात्र त्यांनी मला दोनदा थांबवले आणि गोन्झालेझ भिंतीत आळस करतो आहे, हे बोट ठेवून दाखवले. माझ्या मनात त्याची मूर्ती थोडी हलली, हे कबूल करतो.

त्यानंतर मी त्यांना सांधेवाल्या ताईंचे उत्तर वाचून दाखवले. २७२ पैकी २७० हा आकडा त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला, आणि उरलेले दोन सामने कोणत्या वर्षांतले ते विचारले. एक १९९९ मधला आणि एक २००६ मधला, असे मी शोधून सांगितले. क्रीडाशिक्षकाच्या नोकरीत तीस वर्षे हजेरीपट भरलेला माणूस त्यावर म्हणाला, “हे आधी सांगायचे सोडून तू झेल सांगत बसलास.”

तेव्हा लेखाचा पहिला परिच्छेद आता २७० सामन्यांपासून सुरू होतो, दुसऱ्यात रेषेचा नियम येतो आणि झेलांचा आकडा तिसऱ्या पानापर्यंत येत नाही. जॉन मॅकीवर स्वतंत्र चौकट टाकतो आहे. ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द मी तूर्त काढून टाकला आहे. संपादक काकूंनी शीर्षकात तो परत घातला, तर पेठेतल्या गृहस्थांनी मला जबाबदार धरू नये.